रिपोर्ट नॉर्मल, दुखणे मात्र खरे : बंगळुरूच्या ऐंशी रुग्णांनी शिकवलेले ऐकण्याचे शास्त्र

"तुमचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत." भारतातल्या कोणत्याही शहरातील दवाखान्यात हे वाक्य दिवसातून अनेकदा उच्चारले जाते. डॉक्टरांच्या दृष्टीने ती चांगली बातमी असते. रक्त ठीक, हृदयाचा आलेख ठीक, सोनोग्राफी ठीक. परंतु समोर बसलेल्या व्यक्तीचे डोके दोन वर्षांपासून जड असते, अंगात त्राण नसते, रात्री छाती धडधडून जाग येते. कागदावर न उमटलेले हे सगळे त्या एका वाक्यासरशी जणू नाहीसे होते. रुग्ण फाइल उचलतो, बाहेर पडतो आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या डॉक्टरांच्या दारात उभा राहतो. तिथे तपासण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

दीर्घ आजाराने गांजलेल्या माणसाचे "डॉक्टर ऐकूनच घेत नाहीत" हे गाऱ्हाणे सहसा सौजन्याच्या खात्यात टाकले जाते. डॉक्टर घाईत होते, स्वभावाने तुटक होते, गर्दी फार होती, असे म्हणून विषय संपतो. पण ऐकून न घेतल्याने रुग्ण दुखावतो, एवढीच हानी होते का? की वैद्यकाच्या हातून काही माहितीही निसटते? आणि निसटत असेल, तर ती मोजता येईल का? या प्रश्नांचा पद्धतशीर शोध घेणाऱ्या संशोधनाचा एक महत्त्वाचा धागा मुंबईतील कुष्ठरोगाच्या बाह्यरुग्णांपासून निघतो आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेत, म्हणजेच निम्हान्समध्ये, येऊन पोचतो.

नळीतून ऐकू येणारे शरीर

ऐकणे हा वैद्यकाचा फार जुना भाग आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रोग्याच्या परीक्षेची तीन साधने सांगितली आहेत : पाहणे, स्पर्श करणे आणि विचारणे. युरोपातही अठराव्या शतकापर्यंत वैद्याचे निदान बव्हंशी रुग्णाच्या सांगण्यावर उभे असे. रुग्ण आपल्या दुखण्याची हकिकत सांगे आणि वैद्य तिच्यातून रोगाचे चित्र जुळवी.

1816 मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लाएनेक या डॉक्टरने कागदाची गुंडाळी करून तिचे एक टोक एका तरुण स्त्रीच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाला लावले. त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. क्षयरोगाने पोखरलेले फुप्फुस आता स्वतःच 'बोलू' लागले. पुढे सूक्ष्मदर्शक आला, 1895 मध्ये क्ष-किरण आले, प्रयोगशाळा आल्या. या प्रत्येक साधनाने असंख्य प्राण वाचवले, याबद्दल दुमत नाही. मात्र त्यांच्याबरोबर एक सूक्ष्म बदलही घडला. डॉक्टरला रुग्णाचे शरीर थेट ऐकू येऊ लागले, तसतशी रुग्णाच्या शब्दांची किंमत घसरत गेली. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ एन. डी. ज्यूसन यांनी 1976 मध्ये लिहिलेल्या एका निबंधात 1770 ते 1870 या शतकाचे वर्णन वैद्यकाच्या विश्वातून 'आजारी माणूस अदृश्य होण्याचा काळ' असे केले.

ज्या रोगांची खूण शरीरात सापडते, त्यांच्या बाबतीत हा सौदा फायद्याचा ठरला. प्रश्न उरला तो वर्षानुवर्षे सोबत राहणाऱ्या, यंत्राला न दिसणाऱ्या किंवा यंत्राला दिसूनही त्याहून कितीतरी अधिक जाणवणाऱ्या दुखण्यांचा.

रोग आणि दुखणे

मराठीत 'रोग' आणि 'दुखणे' हे शब्द नेहमी एकमेकांच्या जागी वापरले जात नाहीत. रोग डॉक्टर सांगतात. दुखणे माणूस सोसतो. विसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात वैद्यकीय मानवशास्त्राने नेमका हाच भेद शास्त्रीय भाषेत मांडला. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी 1978 मध्ये सहकाऱ्यांसह लिहिलेल्या एका लेखात असे दाखवले की, डॉक्टर आणि रुग्ण दोघांकडेही आजाराचे आपापले स्पष्टीकरण असते. आजार कशाने झाला, तो नेमका याच वेळी का सुरू झाला, तो शरीरात काय करतो, किती गंभीर आहे, त्याची सर्वांत मोठी भीती कोणती, उपचाराने काय साधावे, हे प्रश्न डॉक्टरांनी रुग्णालाच विचारावेत, असे त्यांनी सुचवले.

1980 मध्ये क्लाइनमन यांनी चीनच्या हुनान प्रांतात चेतादौर्बल्याचे निदान झालेल्या 100 रुग्णांचा अभ्यास केला. डोकेदुखी, थकवा, झोप न लागणे या त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या. त्यांपैकी 87 जण अमेरिकी निकषांनुसार तीव्र नैराश्याच्या व्याख्येत बसत होते. मग खरे काय? रुग्ण म्हणतात ते शरीराचे दुखणे, की पुस्तक म्हणते ते मनाचे? क्लाइनमन यांच्या मते हा प्रश्नच अपुरा होता. त्या समाजात मनाचे ओझे व्यक्त करण्याची प्रतिष्ठित भाषा शरीराची होती. ती भाषा खोडून तिच्या जागी दुसरा शब्द बसवला, तर रुग्णाला काय सोसावे लागत होते आणि कशामुळे, हे कळण्याची वाटच बंद होत होती.

विचार पटण्याजोगा होता, पण त्यात एक अडचण होती. एका रुग्णाची हकिकत मन लावून ऐकता येते. शंभर रुग्णांच्या हकिकती एकमेकींशी ताडून कशा पाहायच्या? हकिकतीचा रस न आटवता तिच्यातून आकडे कसे काढायचे?

मुंबईत घडलेले साधन

हे काम हाती घेणारे मिचेल वाइस हे मनोविकारतज्ज्ञ होतेच, शिवाय भारतविद्येचे अभ्यासकही होते. प्राचीन संस्कृत वैद्यकग्रंथांतील 'उन्माद' या संकल्पनेवर त्यांनी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात प्रबंध लिहिला होता. मुंबईत मनोविकारतज्ज्ञ डॉ. डी. आर. दुंगाजी आणि इतर भारतीय सहकाऱ्यांसमवेत त्यांनी कुष्ठरुग्णांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास केला. त्यासाठी मुलाखतीचे जे साधन घडवले गेले, ते 'एमिक' या आद्याक्षरी नावाने ओळखले जाते.

हे नाव योगायोगाने पडलेले नाही. भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी 1954 मध्ये 'एमिक' आणि 'एटिक' अशी एक जोडी रूढ केली. एटिक म्हणजे बाहेरच्या निरीक्षकाने आपल्या मापाने केलेली नोंद. एमिक म्हणजे त्या समाजातील माणसाला स्वतःला जाणवणारा अर्थभेद. मराठी वाचकाला हे एका अक्षरात कळेल. 'जग फार मोठे आहे' यातला 'ज' आणि 'सुखाने जग' यातला 'ज' लिहिताना एकच दिसतो. अक्षरे मोजणाऱ्या परक्या माणसाला दोन्ही शब्द सारखेच वाटतील. मराठी कानाला मात्र त्यांतला फरक तात्काळ ऐकू येतो आणि त्या फरकावरच अर्थ ठरतो. रुग्णाच्या बोलण्यातही असे भेद असतात. 'थकवा', 'अशक्तपणा' आणि 'अंगात त्राण नाही' या तिन्हींपुढे डॉक्टरांच्या कागदावर एकच शब्द पडू शकतो.

एमिक मुलाखतीत रुग्णाला आधी मोकळेपणी बोलू दिले जाते. त्रास कोणता, त्याचे कारण काय वाटते, आजवर मदत कुठे कुठे मागितली, आजार इतरांपासून लपवावासा वाटतो का, त्यामुळे घरातल्या लग्नकार्यात अडचण येईल असे वाटते का, अशा क्रमाने प्रश्न जातात. मग उत्तरांचे वर्गीकरण करून त्यांना संकेतांक दिले जातात. मूळ शब्द मात्र टाकून देत नाहीत. ते आकड्यांच्या शेजारी जपले जातात. त्यामुळे नंतर आकड्याचा अर्थ लागेना, तर परत हकिकतीकडे जाता येते.

मुंबईच्या या अभ्यासाचे निष्कर्ष 1992 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्रीमध्ये प्रसिद्ध झाले. नुकतेच निदान झालेल्या 56 कुष्ठरुग्णांपैकी निम्म्या रुग्णांना नैराश्य, चिंता किंवा तत्सम मनोविकार होता. कोड असलेल्या 19 जणांत हे प्रमाण 37 टक्के होते, तर शिब्यासारखा, समाजाने फारसा वाईट न मानलेला त्वचारोग असलेल्या 20 जणांत केवळ 20 टक्के. तिन्ही आजार त्वचेवर दिसणारे. पण समाजाच्या नजरेत ज्याचे ओझे अधिक, त्याच्या रुग्णांच्या मनावरचे ओझेही अधिक.

याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष अधिक अनपेक्षित होता. तोवर कुष्ठरोगावर बहुऔषधी उपचार उपलब्ध झाले होते, तरीही अनेक रुग्ण ते अर्धवट सोडत. लोकांच्या 'पारंपरिक समजुती' आधुनिक उपचारांच्या आड येतात, असे मानण्याकडे अशा वेळी वैद्यकाचा कल असतो. प्रत्यक्षात मुंबईत उलटे आढळले. आपला आजार शरीरातील दोषांच्या बिघाडामुळे झाला, असे पारंपरिक कारण मानणारे रुग्ण दवाखान्यात अधिक नियमितपणे येत होते. ज्या समजुतीला अडथळा म्हणून बाजूला सारले गेले असते, तीच उपचाराला पूरक ठरत होती. रुग्णाला 'कशाने झाले असे तुम्हाला वाटते?' हा साधा प्रश्न विचारल्याशिवाय हे उमगणे शक्यच नव्हते.

निम्हान्समधील ऐंशी जण

मुंबईनंतर हे साधन बंगळुरूला आले. निम्हान्सचा वारसा जुना आहे. एकोणिसाव्या शतकात स्थापन झालेले वेड्यांचे इस्पितळ, त्यातून घडलेले म्हैसूर संस्थानचे मानसिक रुग्णालय, 1954 मध्ये त्याच्या जोडीला उभी राहिलेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आणि 1974 मध्ये या दोहोंच्या विलीनीकरणातून झालेले निम्हान्स. देशभरातील मनोविकारतज्ज्ञ इथे घडले. इथल्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या अनेकांची पहिली तक्रार मात्र मनाची नसते. दुखणारे डोके, जळजळणारे तळवे, धडधडणारी छाती, न संपणारा थकवा, असे काहीतरी शरीराचे सांगत ते येतात. बहुतेक वेळा त्याआधी अनेक दवाखान्यांत 'काही झालेले नाही' हे वाक्य ऐकून झालेले असते.

पाश्चात्त्य मनोविकारशास्त्रात अशा रुग्णांविषयी एक समज दीर्घकाळ प्रचलित होता : पूर्वेकडील समाजांत लोकांना भावना ओळखता किंवा शब्दांत मांडता येत नाहीत, म्हणून त्या शरीरावाटे बाहेर पडतात. निम्हान्सचे डॉ. आर. रघुराम आणि संस्थेचे संचालकपद भूषवलेले डॉ. एस. एम. चन्नबसवण्णा यांनी वाइस यांच्यासह 80 बाह्यरुग्णांच्या एमिक मुलाखती घेतल्या आणि त्या जोडीला प्रचलित निदानपद्धतीनेही त्यांना तपासले. एकाच माणसाविषयीची दोन वर्णने अशी शेजारी शेजारी ठेवली गेली : एक डॉक्टरांच्या वर्गीकरणाचे, दुसरे त्याच्या स्वतःच्या शब्दांतले. 1996 मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्रीत त्यांचा जो शोधनिबंध आला, त्याने या समजाला छेद दिला.

आजारामुळे वाट्याला येणारा किंवा येईल असे वाटणारा कलंक मुलाखतीतून गुणांकात मोजला होता. उदासीनतेची लक्षणे जितकी तीव्र, तितका कलंकाचा गुणांक अधिक निघाला. शारीरिक तक्रारींचे गणित नेमके उलटे होते : त्या जितक्या तीव्र, तितका कलंक कमी. रुग्णांच्या कथनातून या आकड्यांचा अर्थ उलगडला. मन खचणे, कशातच रस न वाटणे याची वाच्यता झाली तर समाजात आपले नुकसान होईल, असे रुग्णांना वाटत होते. अंगदुखी किंवा डोकेदुखी मात्र कोणालाही, केव्हाही होऊ शकते; तिच्याबद्दल बोलल्याने कोणी माणसाला वेगळ्या नजरेने पाहत नाही.

याचा अर्थ असा की, शरीराच्या भाषेत बोलणारा रुग्ण भावनांच्या बाबतीत अडाणी नव्हता. बोलणे सुरक्षित कुठे आहे, हे त्याने परिस्थितीतून शिकून घेतले होते. संशोधकांनी वेळ देऊन विचारले, तेव्हा मनाचे दुःखही शब्दांत आले. ते नव्हतेच असे नाही. ते सांगण्याजोगी जागा मिळाली नव्हती.

यातून डॉक्टरांपुढील पेच स्पष्ट होतो. 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, काही झालेले नाही' असे म्हटले, तर रुग्णाने मोठ्या सावधपणे निवडलेली एकमेव सुरक्षित भाषाच नाकारली जाते. 'हे सगळे मनाचे आहे' असे घाईने म्हटले, तर ज्या कलंकापासून तो दूर राहू पाहतो, तोच त्याच्या कपाळी लावला जातो. दोन्ही वाक्ये वैद्यकीयदृष्ट्या अर्धी खरी असू शकतात आणि तरीही दोन्ही वेळा रुग्ण 'माझे ऐकले नाही' असेच म्हणत बाहेर पडतो.

उलट दिशेची चूक

बंगळुरूच्या निष्कर्षाचा एक चुकीचा धडा सहज घेतला जाऊ शकतो : तपासणीत काही सापडले नाही, म्हणजे दुखणे मनाचेच. तो किती महाग पडू शकतो, हे गडचिरोलीतील एका आधीच्या अभ्यासावरून समजते.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांमध्ये 650 स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी 1989 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाने जगाचे लक्ष वेधले. 92 टक्के स्त्रियांना किमान एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. प्रत्येकीमागे अशा आजारांची सरासरी 3.6 होती. याआधी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या 8 टक्के. स्त्रियांच्या आरोग्याचा विचार तेव्हा मुख्यतः बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपुरता होत असे. कंबरदुखी, अंगावरून जाणे, ओटीपोटातले दुखणे हे 'बायकांचे नेहमीचेच' म्हणून सोडून दिले जाई. स्त्रियाही ते अंगावर काढत. इथे रिपोर्ट नॉर्मल नव्हते. रिपोर्ट कधी काढलेच गेले नव्हते, कारण मुळात कोणी विचारलेच नव्हते.

याच्या शेजारी गोव्याचा अनुभव ठेवला, तर चित्र पूर्ण होते. 2005 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातील सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ थकवा असल्याचे 12.1 टक्के स्त्रियांनी सांगितले. थकलेल्या स्त्रीला पाहताच रक्त कमी असणार असे गृहीत धरून लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक लिहून देण्याची प्रथा सर्वपरिचित आहे. या पाहणीत मात्र दीर्घकालीन थकव्याचा हिमोग्लोबिनच्या पातळीशी संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो गरिबी, नवऱ्याकडून होणारी लैंगिक जबरदस्ती आणि खालावलेले मानसिक आरोग्य यांच्याशी. रक्तक्षयावर उपचार करायलाच हवेत. पण या स्त्रियांच्या थकव्याचे उत्तर केवळ रक्ताच्या थेंबात शोधले असते, तर ते मिळाले नसते.

गडचिरोलीत न विचारल्यामुळे शरीराचा रोग दडून राहिला. गोव्यात केवळ शरीराकडे पाहिले असते, तर आयुष्याची परवड दडून राहिली असती. दोन्हीकडून निघणारा बोध एकच : रुग्णाचे सांगणे हे निदान नसते, पण तो पुरावा असतो. प्रयोगशाळेचा अहवाल जसा तपासून, ताडून पाहायचा, तसेच ते सांगणेही तपासायचे. दोहोंपैकी एकही आधीच बाद करायचे नसते.

अठरा सेकंद आणि ब्याण्णव सेकंद

इतके सगळे ऐकायला वेळ कुठून आणायचा, हा डॉक्टरांचा प्रश्न रास्त आहे. 2017 मध्ये 67 देशांतील प्राथमिक सेवेचा आढावा घेणाऱ्या एका अभ्यासात असे दिसले की, जगाची सुमारे निम्मी लोकसंख्या राहते अशा 18 देशांत डॉक्टर एका रुग्णाला सरासरी पाच मिनिटे किंवा त्याहूनही कमी वेळ देतात. बांगलादेशात ही सरासरी 48 सेकंद होती, तर स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे. सरकारी बाह्यरुग्ण विभागातील रांग पाहणाऱ्याला यात आश्चर्य वाटणार नाही. तिथला तरुण निवासी डॉक्टर ऐकत नसेल, तर त्यात त्याच्या वृत्तीपेक्षा व्यवस्थेचा वाटा मोठा असतो.

तरीही एक भीती आकड्यांनी खोटी ठरवली आहे. अमेरिकेत हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकल यांनी 1984 मध्ये 74 भेटींची ध्वनिमुद्रणे तपासली. रुग्ण बोलू लागल्यावर सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच थांबवत होते. आपले म्हणणे पुरे करता आले ते 74 पैकी फक्त 17 जणांना. थांबवले नाही तर रुग्ण बोलतच राहील, ही त्यामागची धास्ती. स्वित्झर्लंडमधील बाझल विद्यापीठ रुग्णालयात 2002 मध्ये तिची परीक्षा झाली. डॉक्टरांना सांगण्यात आले की, रुग्ण स्वतःहून थांबेपर्यंत मध्ये बोलायचे नाही. 335 रुग्णांचा सरासरी वेळ निघाला 92 सेकंद. 78 टक्के रुग्णांचे बोलणे दोन मिनिटांत संपले. पाच मिनिटांहून अधिक बोलणारे केवळ सात होते आणि त्यांच्याकडून मिळालेली माहिती महत्त्वाची होती, असे डॉक्टरांनीच सांगितले.

बाझलचे रुग्णालय आणि भारतातील तालुक्याचे इस्पितळ यांची बरोबरी होणार नाही. पण दीड मिनिट ही कुठल्याही व्यवस्थेच्या आवाक्याबाहेरची चैन नाही. अनावश्यक फेरतपासणीत, चुकीच्या औषधात आणि दवाखाना बदलत राहण्यात जाणारा रुग्णाचा वेळ आणि पैसा मोजला, तर ही दीड मिनिटे स्वस्तच पडतील.

ऐकणे अभ्यासक्रमात

या संशोधनाचा ठसा हळूहळू वैद्यकाच्या अधिकृत पुस्तकांवरही उमटला. 2013 मध्ये अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती आली. शारीरिक लक्षणांच्या विकारांसाठी 'वैद्यकीय कारण सापडत नाही' ही जुनी कसोटी तिने मध्यवर्ती ठेवली नाही. कारण न सापडणे हा रुग्णाच्या मनाविषयीचा पुरावा नसतो, हे त्यामागील एक महत्त्वाचे भान होते. त्याच पुस्तिकेत 16 प्रश्नांची एक सांस्कृतिक मुलाखतही समाविष्ट झाली. आजाराला रुग्ण स्वतः काय म्हणतो, कारण काय मानतो, आजवर मदतीच्या वाटेत काय आडवे आले, हे ती विचारते. या मुलाखतीची चाचणी सहा देशांत घेण्यात आली आणि भारत त्यांपैकी एक होता. पुण्यातील डॉ. वासुदेव परळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाइस यांच्यासमवेत तिची उपयुक्तता तपासली. याच गटाने त्याआधी पुण्यात मनोविकार, सामान्य वैद्यक, त्वचारोग आणि आयुर्वेद अशा चार बाह्यरुग्ण विभागांतील 'अशक्तपणा' सांगणाऱ्या रुग्णांच्या मुलाखती एमिक पद्धतीने घेतल्या होत्या. एकच तक्रार घेऊन माणूस किती वेगवेगळ्या दारांवर जातो, हे त्या विभागांच्या यादीवरूनही लक्षात येते.

भारतातील वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमात 2019 पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र घटक आला. रुग्णाशी कसे बोलावे आणि त्याचे कसे ऐकावे, हे आता शिकवण्याचा आणि तपासण्याचा विषय मानला जातो. अर्थात अभ्यासक्रमात आलेली गोष्ट रांगेच्या रेट्यात टिकवणे ही वेगळी लढाई आहे.

तिची निकड निम्हान्सच्याच आणखी एका कामातून दिसते. 2015-16 मध्ये या संस्थेने 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, वेगवेगळ्या मनोविकारांत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण 70 ते 92 टक्के आहे. यांपैकी काही जण डॉक्टरांपर्यंत पोचतही असतील. डोके दुखते, झोप लागत नाही, अंगात त्राण नाही असे सांगून, औषध घेऊन ते परत जात असतील. सर्वेक्षणात 'उपचार न मिळालेला' म्हणून मोजला गेलेला माणूस कदाचित त्याच आठवड्यात एखाद्या दवाखान्याच्या खुर्चीवर बसून गेलेला असेल.

मुंबईतील 56 कुष्ठरुग्ण, बंगळुरूतील 80 बाह्यरुग्ण, गडचिरोलीतील 650 स्त्रिया, गोव्यातील अडीच हजार स्त्रिया. या आकड्यांमागचे प्रत्येक माणूस शास्त्राच्या दृष्टीने केव्हातरी 'नेहमीचीच तक्रार' घेऊन आलेले होते. कोणीतरी थांबून विचारले आणि मिळालेले उत्तर जपून लिहून घेतले, तेव्हा त्या तक्रारींतून वैद्यकाला नवे ज्ञान मिळाले. लाएनेकच्या नळीने डॉक्टरांना छातीच्या आतले ऐकायला शिकवले. छातीत धडधडते असे सांगणाऱ्या माणसाचे ऐकण्यासाठी मात्र कुठलेही यंत्र लागत नाही. "रिपोर्ट नॉर्मल आहेत" या वाक्याच्या शेवटी पूर्णविराम न देता "आता तुम्हाला काय होते ते सविस्तर सांगा" एवढे जोडले, तरी तपासणी संपत नाही. ती तिथून सुरू होते.